एका वहीतून खोडले, दुसरीत राहिले

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आठवड्यात आम्ही सांगली जिल्ह्यातील आष्टा येथील एका शाळेत गेलो होतो. रामन परिणामावर व्याख्यान झाले, मुलांचे प्रश्न झाले, चहाही झाला. निघता निघता आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर एक बिनतारी हेडफोन ठेवला आणि म्हणाल्या, "सर, प्रकाशाचं समजलं. आता एवढं सांगा, हा हेडफोन ऑफिसातल्या कॉम्प्युटरला एकदा चिकटलाय तो सुटत का नाही?"

हकीकत अशी होती. आठवीतल्या एका मुलीला कमी ऐकू येते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' ॲपवरचे पाठ तिला नीट ऐकता यावेत, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी एक टॅब्लेट आणि हा हेडफोन शाळेला दिला. आलेली वस्तू चालते की नाही हे पाहण्यासाठी लिपिकांनी पहिल्याच दिवशी हेडफोन कार्यालयातील संगणकाला जोडून पाहिला होता. कार्यालय आणि आठवीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे.

पुढे एके दिवशी ती मुलगी वर्गात पाठ ऐकत असताना पाठाचा आवाज थांबला आणि कानात मोठ्या माणसांचे बोलणे सुरू झाले. कार्यालयात संगणकावर ऑनलाइन बैठक चालू होती. सहलीचे पैसे कोणाकोणाच्या घरून यायचे राहिले आहेत, ती यादी पलीकडून कोणीतरी वाचत होते. त्या यादीत तिचेही नाव होते. तिने हेडफोन काढून बाकावर ठेवला. "बाई, ते माझ्यासाठी नव्हतं," एवढेच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने हेडफोनला हात लावला नाही.

गंमत म्हणजे त्याच दिवशी लिपिकांचीही एक तक्रार होती. ऐन बैठकीत संगणकाचा आवाज दोन-तीन मिनिटे बंद पडला होता. या दोन खोल्यांतल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. लिपिकांनी संगणकाच्या यादीतून हेडफोनचे नाव काढण्याचा तीन-चार वेळा प्रयत्न केला होता. दर वेळी 'काढता आले नाही' असा संदेश येई. एकदा नाव गेल्यासारखे वाटले, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर!

बिघाड दुरुस्त करणे हे काही आमचे काम नव्हे. परंतु या हट्टी हेडफोनच्या मागे जे विज्ञान आहे ते आठवी-नववीच्या वर्गात सहज शिकवता येण्यासारखे आहे, आणि ते समजले की दुरुस्ती आपोआप सुचते. म्हणून हा लेख.

सर्वांना ऐकू जाणारे बोलणे

हेडफोन आणि संगणक यांच्यामध्ये तार नसते, रेडिओ लहरी असतात. या पद्धतीला ब्लूटूथ म्हणतात. नेदरलँड्सचे अभियंते याप हार्टसन यांनी स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली तिच्या कामाला सुरुवात केली. १९९८ साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या कंपन्यांनी एकत्र येऊन तिचे सामाईक नियम ठरवण्यासाठी गट स्थापन केला. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाने वेगवेगळ्या टोळ्यांना एका सत्तेखाली आणले होते. वेगवेगळी यंत्रे एकत्र आणणाऱ्या पद्धतीला त्याचेच नाव मिळाले.

ब्लूटूथच्या लहरींची वारंवारता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ असते. म्हणजे सेकंदाला २४० कोटी आवर्तने. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर घेऊन भागाकार केला तर तरंगलांबी येते साडेबारा सेंटिमीटर, साधारण अर्धी वीत. या लहरी विटांच्या भिंतीतून क्षीण होतात, पण पार जातात. साध्या हेडफोनचा पल्ला मोकळ्या जागेत १० मीटरच्या आसपास धरला जातो. कार्यालय आणि वर्ग यांत एकच भिंत असेल तर ती अशा लहरींना अडवायला पुरेशी नाही.

बिनतारी संदेशांची ही अडचण जुनीच आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. तेथे मोठे आकाशक उभारून लहरी झोताप्रमाणे एका दिशेने पाठवल्या जात. हेडफोनमध्ये एवढ्या मोठ्या आकाशकांना जागा कुठली? त्याच्या लहरी चहूकडे पसरतात. चौकात उभे राहून बोलण्यासारखेच हे आहे. बोललेले सर्वांच्या कानांवर पडणारच.

मग गर्दीत गोंधळ का होत नाही? एक कारण असे की दोन्ही यंत्रे एकाच वारंवारतेवर थांबत नाहीत. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीत एक मेगाहर्ट्झ रुंदीची ७९ घरे आहेत, आणि दोन्ही यंत्रे ठरलेल्या क्रमाने एका घरातून दुसऱ्या घरात सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतात. एका घरातला मुक्काम एक सेकंद भागिले १६००, म्हणजे ०.०००६२५ सेकंद. वायफाय किंवा मायक्रोवेव्ह भट्टी यांच्या लहरींनी एखादे घर व्यापले असले तरी पुढच्या क्षणी ही जोडी दुसऱ्या घरात गेलेली असते.

परंतु उड्या मारल्याने टक्कर टळते, ओळख पटत नाही. समोरचा हेडफोन आपलाच आहे हे संगणकाने ओळखायचे कसे? त्यासाठी 'पेअरिंग', म्हणजे जोडी जमवणे.

चारचौघांत ठरवलेले गुपित

प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. असे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होऊ शकतात. पण पत्ता म्हणजे केवळ नाव, आणि नाव कोणीही सांगू शकतो. म्हणून जोडी जमवताना दोन्ही यंत्रे मिळून एक गुप्त संख्या तयार करतात. तिला आपण 'किल्ली' म्हणू. ती १२८ बिटांची असते. अशा किल्ल्यांची संभाव्य संख्या लिहायची तर ३९ अंक लागतील.

आता प्रश्न असा की, सगळे बोलणे चौकात होत असताना गुपित ठरवायचे कसे? याचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. फळ्यावर ते असे करून दाखवता येईल.

वर्गातील दोन विद्यार्थ्यांना उभे करा. एक संगणक, दुसरा हेडफोन. फळ्यावर सर्वांना दिसतील असे दोन आकडे लिहा: ३ आणि १७. संगणकाने मनात एक आकडा धरावा. समजा ६. त्याने ३ चा सहावा घात काढावा (७२९), त्याला १७ ने भागावे आणि उरलेली बाकी मोठ्याने सांगावी: १५. हेडफोनने मनात ७ धरला आहे असे समजू. ३ चा सातवा घात २१८७. त्याला १७ ने भागून बाकी उरते ११. तीही मोठ्याने सांगावी.

आता संगणकाने ऐकलेल्या ११ चा, आपल्या मनातील आकड्याइतका, म्हणजे सहावा घात घ्यावा आणि १७ ने भागून बाकी काढावी. मोठा गुणाकार टाळण्यासाठी प्रत्येक पायरीला बाकी घेत जावे. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, बाकी २. हा झाला दुसरा घात. सहावा घात म्हणजे अशा तीन जोड्या: २ गुणिले २ गुणिले २, उत्तर ८. हेडफोनने ऐकलेल्या १५ चा सातवा घात घेऊन बाकी काढावी. तीही ८ च येते. दोघांपाशी ८ हा आकडा आला, पण तो कोणीच मोठ्याने उच्चारला नाही!

वर्गातील बाकीच्यांनी ३, १७, १५ आणि ११ हे चारही आकडे ऐकले आहेत. एवढ्या छोट्या आकड्यांत ते ८ शोधून काढतील. पण १७ ऐवजी शेकडो अंकी संख्या घेतली तर आजचे संगणकही हात टेकतात. २००७ साली आलेल्या ब्लूटूथच्या २.१ आवृत्तीपासून याच तत्त्वाचा उपयोग जोडी जमवताना होऊ लागला. गणित मात्र साध्या घातांकांचे नसून 'इलिप्टिक कर्व्ह' नावाच्या वक्रांवरचे असते.

पुढे प्रत्येक भेटीत ओळख पटवायची तेव्हा किल्ली सांगायची नसते, वापरायची असते. संगणक मनाला येईल तो आकडा विचारतो, समजा ९. नियम असा की आपल्या किल्लीने गुणावे आणि १३ ने भागून बाकी सांगावी. ९ गुणिले ८ म्हणजे ७२, बाकी ७. ज्याच्यापाशी ८ ही किल्ली आहे तोच दर वेळी बरोबर उत्तर देईल. खरा नियम याहून पुष्कळ गुंतागुंतीचा असतो, पण कल्पना हीच.

दोन वह्या

किल्ली तयार झाली की दोन्ही यंत्रे ती स्वतःच्या स्मृतीत लिहून ठेवतात: समोरच्याचा पत्ता अमुक, किल्ली अमुक. संगणकात ही नोंद डिस्कवर राहते, हेडफोनमध्ये एका छोट्या चिपमध्ये. वीज गेली, बॅटरी उतरली, तरी ती पुसली जात नाही. आमच्या मते शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी मुख्य गोष्ट हीच आहे: नोंद एक, पण वह्या दोन.

गावच्या दूध संस्थेचे उदाहरण घेऊ. सभासद दूध घालतो तेव्हा लिटर आणि फॅट त्याच्या पुस्तकातही लिहिले जाते आणि संस्थेच्या रजिस्टरातही. सभासदाने रागाच्या भरात घरी आपले पुस्तक फाडले म्हणून संस्थेचे रजिस्टर कोरे होत नाही. तसेच ब्लूटूथचे आहे. "मी तुझी नोंद खोडली, आता तूही खोड," असा निरोप सर्वसाधारणपणे पाठवला जात नाही. पाठवून उपयोगही नसतो, कारण त्या वेळी दुसरे यंत्र बंद असेल किंवा दूर असेल. थोडक्यात, हा काडीमोड एका बाजूने पुरा होत नाही.

दोन वह्या म्हणजे चार शक्यता. दोन्हीकडे नोंद असेल तर हेडफोन चालू करताच जोडला जाईल. हेडफोनमध्ये नोंद आहे आणि संगणकातून खोडली आहे, तर हेडफोन चालू झाल्यावर काही काळ जुन्या सोबत्याला हाका मारत राहील. त्यामुळे नव्या यंत्राशी जोडणी उशिरा होईल. उलट संगणकात नोंद आहे आणि हेडफोनची स्मृती पुसली आहे, तर पडद्यावर 'जोडी जमलेली आहे' असे दिसेल, पण आवाज काही येणार नाही. किल्ली विचारली की हेडफोनला उत्तर देता येत नाही. दोन्हीकडून नोंद गेली असेल तरच ती दोन यंत्रे एकमेकांना खऱ्या अर्थाने अनोळखी झाली. आपल्यापुढचा बिघाड या चारांपैकी कोणत्या खणात बसतो, हे आधी ठरवावे.

काही शाळांत एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली असतात. तेथे आणखी एक घोटाळा होतो. दोन्ही प्रणाली संगणकाचा तोच ब्लूटूथ भाग वापरतात, म्हणून पत्ता एकच. पण प्रत्येक प्रणाली आपली किल्ली आपल्या वहीत ठेवते. लिनक्समधून जोडी जमवली की हेडफोन त्या पत्त्यापुढची जुनी किल्ली खोडून नवी लिहितो. मग विंडोजमध्ये गेल्यावर जुनी किल्ली चालत नाही. संगणक बिघडलेला नसतो आणि हेडफोनही नाही. एका घराच्या दोन वह्या झालेल्या असतात, इतकेच.

संगणक 'नाही' का म्हणतो?

आता आष्ट्याच्या संगणकाकडे वळू. नाव काढा म्हटल्यावर तो काढत का नव्हता?

हेडफोन आपल्याला एक वस्तू दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती तीन-चार यंत्रे असतात: गाणी ऐकण्याचे साधन एक, ध्वनिग्राहकासह संभाषणाचे साधन दुसरे, थांबवणे-चालू करणे यासाठीची बटणे तिसरे. काही हेडफोनांची साध्या ब्लूटूथसाठी एक आणि कमी वीज वापरणाऱ्या ब्लूटूथसाठी एक अशी वेगळी नावेही यादीत येतात. हेडफोन जोडलेला असताना यांपैकी एखादे साधन कोणता तरी प्रोग्रॅम वापरत असेल, तर ते वापरात असताना मोडता येत नाही. ज्या खुर्चीवर माणूस बसलेला आहे ती खुर्ची उचलता येत नाही, तसे. संगणक मग 'काढता आले नाही' असे म्हणून मोकळा होतो. एखाद्या वेळी नोंद अर्धवट निघते. वरचे नाव दिसेनासे होते, आतल्या नोंदी राहतात, आणि संगणक पुन्हा चालू केला की नाव परत येते.

लिपिकांनी दर वेळी काय केले होते? हेडफोन हातात घेऊन, तो चालू आहे याची खात्री करून घेऊन, मग नाव काढायला घेतले होते. त्यांचा काळजीपूर्वकपणाच आड येत होता.

दुसऱ्या खोलीतला आवाज वर्गात कसा आला, हेही आता उलगडते. हा हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडून राहू शकणाऱ्या प्रकारचा होता. वर्गात चालू केला की तो टॅब्लेटशीही जोडला जाई आणि भिंतीपलीकडच्या संगणकाशीही. अशा हेडफोनांत संभाषणाला गाण्यापेक्षा किंवा पाठापेक्षा अग्रक्रम दिलेला असतो, जेणेकरून कोणाचा फोन चुकू नये. बैठक सुरू झाली, हेडफोनने ती फोन समजून घेतली आणि पाठ थांबवला. संगणकाने आवाज हेडफोनकडे वळवला, म्हणून कार्यालयातले स्पीकर मुके झाले. अशा वेळी हेडफोनचा ध्वनिग्राहकही चालू होऊ शकतो, म्हणजे वर्गातले बोलणे बैठकीत जाऊ शकते. यंत्राने कोठेही नियम मोडला नव्हता. नियम लिहिणाऱ्यांनी दोन्ही यंत्रे एकाच माणसाची असतील असे धरले होते, आणि शाळेत तसे नसते.

तिसरी वही

अलीकडे आणखी एक वही आली आहे. गूगल किंवा ॲपल यांच्या खात्याशी हेडफोनची नोंद बांधली जाते. ॲपलचे एअरपॉड्स एका यंत्राशी जोडले की त्याच खात्याच्या इतर यंत्रांनाही ते ओळखीचे होतात. अँड्रॉइडच्या 'फास्ट पेअर' सोयीतही हेडफोन खात्यात नोंदवता येतो. घरच्या फोनवर एकदा जोडलेला हेडफोन शाळेच्या टॅब्लेटवर न जोडताही यादीत दिसला, तर दोन्हीकडे तेच खाते उघडलेले आहे का ते पाहावे. नोंद तेथूनही काढावी लागते. जुना लॅपटॉप, फोन किंवा हेडफोन कोणाला देण्यापूर्वी तर या तिन्ही वह्या पाहिल्याच पाहिजेत.

दुरुस्तीचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, लिहून ठेवावा आणि मग पुढे जावे. पाच गोष्टी एकदम केल्या तर बिघाड कदाचित जाईल, पण तो कशाने गेला हे कळणार नाही.

पहिली पायरी: हेडफोन बंद करा. काही हेडफोन डबीबाहेर काढताच चालू होतात. ते डबीत ठेवून झाकण लावा. बैठकीचे, गाण्याचे सर्व प्रोग्रॅम बंद करा. मग संगणकाच्या ब्लूटूथ यादीत जाऊन 'रिमूव्ह डिव्हाइस' करा. एकाच हेडफोनची दोन नावे असतील तर दोन्ही काढा. बऱ्याच वेळा काम येथेच होते.

दुसरी पायरी: पहिली अपुरी पडली तर संगणकाचे ब्लूटूथ बंद करा, संगणक पुन्हा चालू करा आणि हेडफोन बंद ठेवूनच नाव काढून पाहा. विंडोजमध्ये 'ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस' नावाची सेवा पुन्हा सुरू करण्यानेही अडकलेली नोंद मोकळी होऊ शकते.

तिसरी पायरी: 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. न जोडलेली साधने फिकट रंगात दिसू लागतील. हेडफोनच्या नावाच्या नोंदी ब्लूटूथ आणि ध्वनी अशा दोन्ही विभागांत शोधून 'अनइन्स्टॉल' करा आणि संगणक पुन्हा चालू करा. एवढ्यानेही भागले नाही तर ब्लूटूथचा ड्रायव्हर नव्याने बसवावा लागतो.

चौथी पायरी: हेडफोनची वही पुसा. यासाठी ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरायचे असते. कोणते बटण आणि किती वेळ, हे प्रत्येक हेडफोनच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ही पायरी वगळू नये. संगणकातले नाव गेले की आपण समाधानाने उठतो, आणि अर्धे काम तसेच राहते.

पाचवी पायरी: खात्यातील नोंद तपासा.

सहावी पायरी: ज्या यंत्राशी जोडायचे आहे, फक्त त्याच्याशी जोडी जमवा. त्या वेळी आसपासच्या इतर यंत्रांचे ब्लूटूथ बंद असावे. हेडफोनला पडदा नसल्यामुळे, समोरचे यंत्र बरोबर आहे ना, हे तो आपल्याला विचारू शकत नाही. ती खात्री आपणच करायची. एकाच वेळी दोन यंत्रांना जोडण्याची सोय असेल आणि तिची गरज नसेल, तर ती बंद करावी.

करून पाहा

नववीच्या मुलांकडून दोन प्रयोग सहज करून घेता येतील. पहिला: टॅब्लेट व्हरांड्यात ठेवून आवाज चालू करा, हेडफोन लावून पावले मोजत दूर जा आणि आवाज कोठे तुटतो ते नोंदवा. मग मध्ये एक भिंत घेऊन तेच करा. मग टॅब्लेटकडे तोंड करून आणि पाठ करून पाहा. शरीरातील पाणी या लहरी शोषते, त्यामुळे काही वेळा फरक पडतो. दुसरा: टॅब्लेटऐवजी आवाज चालू असलेला फोन स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा आणि पल्ला पुन्हा मोजा. धातूच्या डब्यातून लहरी बाहेर पडणे अवघड, पण झाकणाच्या फटीतून काही निसटतात. आवाज पूर्ण बंद होईलच असे नाही. पल्ला किती घटला ते पाहायचे. दोन्ही प्रयोगांत प्रत्येक मापन तीन वेळा घेऊन सरासरी काढावी.

ऐकू न येण्याची परीक्षा

त्या दिवशी आम्ही बाईंना आणि लिपिकांना दोन वह्यांची गोष्ट सांगितली. हेडफोन बंद केला, आणि संगणकातले नाव पहिल्याच प्रयत्नात निघाले. "गेलं की हो!" लिपिक म्हणाले. आम्ही म्हटले, "एका वहीतून गेलं." बाईंनी त्या मुलीला बोलावून घेतले. तिला फळ्यावर ८ चे कोडे करून दाखवले, आणि दुसरी वही पुसण्याचे बटण तिलाच दाबायला सांगितले. दहा आकडे मोजेपर्यंत तिने ते दाबून धरले. मग पटांगणात टॅब्लेट नेऊन तिनेच नवी जोडी जमवली. कार्यालयातील संगणकाला ब्लूटूथची गरजच नव्हती. पण ते लगेच बंद करू नये असे आम्ही सुचवले, कारण परीक्षा बाकी होती.

परीक्षा कशी घ्यावी, असे आम्ही तिलाच विचारले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, आता ऑफिसात कोणी बोलतंय का?"

प्रश्न अगदी नेमका होता. कार्यालयात सामसूम असताना हेडफोनमध्ये काही ऐकू आले नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिकडे आवाज चालू आहे, ब्लूटूथही चालू आहे, आणि तरीही इकडे येत नाही, असे झाले तरच जोडी तुटली म्हणता येईल. प्रयोगशाळेत आम्हीही हेच करतो, फक्त तेथे त्याला भारदस्त नाव असते. लिपिकांनी संगणकावर बैठकीचा प्रोग्रॅम उघडून दुसऱ्या फोनवरून स्वतःच बोलायला सुरुवात केली. कार्यालयातल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. त्या मुलीने हेडफोन चालू केला, डोक्यावर चढवला, वर्गातल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण पाच मिनिटे थांबली.

मग हेडफोन न काढताच तिने मान हलवली. "काही नाही," ती म्हणाली, आणि टॅब्लेटवर थांबलेला पाठ पुढे चालू केला.